जयवंतदांच्या अल्बममध्ये माझा स्क्रॅच

९ डिसेंबर

आजपासून डायरी. उद्या कोणी विचारलं, सुरुवात कशी झाली, तर तारीख सांगता आली पाहिजे.

सुरुवात अशी: गोरेगाव पूर्व, रेकॉर्डिंग स्टुडिओ. मी साऊंडमध्ये आहे. टेकच्या आधी एसी बंद करायचा, टेक संपला की चालू. नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये येते. नितेश म्हणतो, म्हणजे बटण दाबायचं काम. नितेश माझा मावसभाऊ, रूमवर एकत्र राहतो, गॅरेजमध्ये कामाला आहे. त्याला साऊंड कळत नाही.

१० डिसेंबर

डायरीला वेळ मिळाला नाही.

१५ डिसेंबर

जयवंतदा आले. माझ्या जन्माआधीपासून रॉक गातात. बँड केव्हाच फुटला. आता एकट्याचा अल्बम, पण प्रत्येक गाण्यात एक पाहुणा. गंधाली, आमची रेकॉर्डिस्ट, म्हणाली याला फीचरिंग म्हणतात. पाहुण्याचं नाव गाण्याच्या शेजारी येतं.

दादांचे केस पांढरे, पण पाठीवर. गुडघा नवीन बसवलाय म्हणून उडी मारत नाहीत, खुर्चीत बसून किंचाळतात. मला म्हणाले, ए एसी, बंद कर ना यार. मोठी माणसं टोपणनाव लगेच देतात.

संकल्प: केस वाढवणे.

६ जानेवारी, दुपार

हात थरथरतोय, असं लिहायला पाहिजे. पण थरथरत नाहीये.

शेवटचं गाणं गाऱ्हाण्यावर आहे, कोकणात देवाला घालतात त्या. दादांची आजी मालवणची. गाऱ्हाणं घालणारा पाहुणा म्हणजे मिहिर, तो सीरियलवाला. तो शूटिंगमध्ये अडकला. दादा वैतागून म्हणाले, इथे कोणाला गाऱ्हाणं येतं का रे? मी एसी बंद करून तिथेच उभा. म्हटलं, मला. गावी काका घालतो देवळासमोर, आम्ही पोरं मागून 'व्हय म्हाराजा' ओरडायचो. गंधाली म्हणाली, मग जा आत, स्क्रॅच दे.

स्क्रॅच! घशातून खरवडून काढलेला रॉकवाला आवाज. लोकांना त्यासाठी वर्षं लागतात. मला डायरेक्ट.

सुरुवात आठवली, शेवट आठवेना. मग मनाने घातलं: बा देवा म्हाराजा, परमुलखात गेलेल्या झिलाचा नाव होवंदे, आणि आवशीचो गुडघो बरो कर रे म्हाराजा.

मग दादा स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, हे ठेवा. अक्षरही बदलू नका.

बाहेर येऊन एसी चालू केला.

६ जानेवारी, नंतर

आईला फोन. म्हटलं, मी अल्बममध्ये पाहुणा आहे. आईने विचारलं, मगे जेवूक घालतत मा? मग काका फोनवर आला. त्याला सांगितलं, शिमग्याला गाणं घेऊनच येतो. तो म्हणाला, देवळासमोर स्पीकरवर लावू, सगळ्या गावाला ऐकू दे. म्हटलं, लाव.

नितेश म्हणाला, अरे रॉकस्टार, आधी नाव तर येऊ दे. जळतो.

१३ जानेवारी

आरे कॉलनीत जाऊन रियाज. तबेल्याच्या मागे स्क्रॅच मारला. भैया काठी घेऊन आला. म्हणाला, म्हशी पान्हा चोरतायत, दुसरीकडे जाऊन मर.

१४ जानेवारी

आवाज बसला. चांगलं लक्षण.

२० जानेवारी

आवाज आला. केस कानाच्या खाली आले. सही ठरवली, इंग्रजीत: प्रीतम, आणि पीच्या पोटात गिटार. गिटार जमत नाही, पळीसारखी दिसते.

२ फेब्रुवारी

मिहिर आला. म्हणजे आता ड्युएट. आमचा दोघांचा.

हेडफोन लावून माझं गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा ऐकत होता. बाहेर येऊन विचारलं, भावा, झिल म्हणजे काय? म्हटलं, मुलगा. आवस? म्हटलं, आई. माझ्यासारखाच श्वास कुठे घ्यायचा तेही विचारलं. सीरियलवाला माझ्याकडून शिकतोय. फोटो काढायचा राहिला.

मग 'व्हय म्हाराजा'साठी सगळे आत गेले. दादा, मिहिर, बाकीचे पाहुणे, चहावालासुद्धा. मला गंधाली म्हणाली, तू बाहेर थांब, एसी बघ. बरोबर आहे. गाऱ्हाणं घालणारा स्वतः व्हय म्हणत नाही. एवढं तिला कळतं म्हणजे कमाल आहे.

२६ फेब्रुवारी

बॅग भरली. आईसाठी गुडघ्याचा पट्टा घेतला. उद्या अल्बम येतोय. नितेशला सांगितलं, उद्यापासून भांडी तू घास.

२७ फेब्रुवारी

अल्बम आला.

शेवटच्या गाण्याशेजारी: फीचरिंग मिहिर.

ऐकलं. गाऱ्हाणं तेच, शब्द तेच, श्वास तिथेच. आवाज मिहिरचा. मला वाटलं, माझा पुढच्या कडव्यात असेल. पुढे गिटार वाजली आणि गाणं संपलं.

गंधालीला विचारलं, माझा स्क्रॅच कुठेय? ती म्हणाली, अरे स्क्रॅच म्हणजे कच्चा आवाज ना, खऱ्या गायकाला वाट दाखवायला. नंतर उडवतात. तुला माहीत नव्हतं?

म्हटलं, माहीत होतं.

ती म्हणाली, सॉरी रे. मग म्हणाली, टेक आहे. एसी बंद केला.

भांडी मीच घासली. नितेश काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

१ मार्च

गावी जात नाही. आईला सांगितलं, सुट्टी मिळाली नाही. मिळाली होती. काकाला सांगायचं राहिलं, की गाणं लावू नको.

४ मार्च

आईचा फोन. काकाने पालखीपुढे गाणं लावलं. झिलाचा नाव होवंदे आलं, आणि अख्खा गाव सवयीने ओरडला, व्हय म्हाराजा. गुडघो बरो कर आलं, पुन्हा ओरडला.

आई म्हणाली, आवाज तुझो न्हय. पण गुडघो माझोच.

मी म्हटलं, हं.

ती म्हणाली, सगळ्या गावान व्हय म्हटल्यान, आता होतला. आणि विचारलं, जेवलंस?

पट्टा कुरिअरने पाठवायचा आहे. केस कापायचे आहेत, गरम होतं.

स्टुडिओत आज नवीन गायिका. तिने आल्या आल्या विचारलं, एसी तू बघतोस का?

म्हटलं, व्हय.