गॅस, डिझेल आणि महिन्याचे सात लिटर

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

मायलेज १२.६. पुन्हा तेच! परवा नोझल उघडून साफ केले, एअर फिल्टर नवा टाकला, तरी १२.६. हीच पिकअप २०१८ साली आणली तेव्हा १३.५ द्यायची. महिन्यागणिक वहीत लिहिलेलं आहे. अंदाज नाही, आकडा.

चंपत गाडी खाऊन गेला. सख्खा धाकटा भाऊ. सहा वर्षं गाडी त्याच्या हातात होती, आणि शेवटी शेवटी महिन्याला सात लिटर डिझेल काढत होता. गावात लोक कुजबुजतात, मी तोंडावर म्हणालो. मंचेरियलला निघून गेला त्याला दीड वर्ष झालं. आता मी स्वतः चालवतो, काढणारं कुणी नाही, तरी १२.६! म्हणजे जाता जाता इंजिनाच्या पंपाची वाट लावून गेला. दुसरं कारण असूच शकत नाही.

नवी घ्यायची. दसऱ्याला. गॅसची की डिझेलची, ते मोजून ठरवीन.

११ सप्टेंबर

आदिलाबादला शोरूमला गेलो. टाय लावलेला गडी धावत आला. ‘सार, सीएनजी तीसुकोंडी! मंचि मायलेज सार!’ — घ्या म्हणे, मायलेज चांगलं. मी हिंदीत विचारलं, ‘कितने वजन पे? चढान पे कौनसा गियर?’ कागद चाळायला लागला. सिलिंडरची तपासणी किती वर्षांनी, कुठं — माहीत नाही. कपाशीचे तंतू इंजिनावर बसतात, त्याचं काय — हसला!

मी मराठी शाळेत सातवी. इंजिनचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन एकट्यानं वाचलं. पाच महिने लागले. आणि हे टायवाले कंपनीचा कागद वाचून मायलेज सांगतात!

१४ सप्टेंबर, रविवार

दिवसभर विचार. कापूस वजनाला हलका, पण गाडी दुप्पट उंच होते, वारा धरते. चढावर ओढ लागते. ओढ डिझेलची. चिखलातही डिझेलच. गेल्या पावसात पैनगंगेकाठच्या रस्त्यानं जैनथच्या तीन गाड्या रुतल्या, माझी निघाली. कारण २०२२ च्या पोळ्याला मी एक नंबर मोठे टायर टाकले. लोक म्हणाले, गाडी उंटासारखी दिसते. दिसू दे. निघाली की नाही?

गॅस स्वस्त पडतो, धूर कमी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा एक गुण कुणी कागदावर छापत नाही. तो चोरता येत नाही! नळी टाकून, तोंडानं ओढून कॅनमध्ये भरता येत नाही.

हे बायकोला बोलून दाखवलं. विमल भाकरी थापत होती. वरही न बघता म्हणाली, ‘गाडीवर तं आता तुमीच हाय. चोरी कोन करनार, तुमी?’

जेवण अर्धं टाकून उठलो.

१५ सप्टेंबर

१२.६.

१७ सप्टेंबर

आज टाकीचं कुलूप गंजलेलं दिसलं. तेल दिलं. अजून लावतो, सवय.

२०२३ च्या दसऱ्याला बसवलं होतं. किल्ली माझ्या करदोट्याला. चंपतला डिझेल भरायचं तर आधी माझ्याकडे यावं लागे. मी कुठं बसलोय ते शोधत यायचा — पारावर, सोसायटीत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. ‘दादा, किल्ली.’ एवढंच. वर बघायचा नाही. चोर वर बघत नाही, असं मी तेव्हा लिहिलं होतं.

आणि कुलूप लावूनही १२.६! म्हटलं, मग खालून पाइप सोडवत असणार. तेही बोललो, सगळ्यांसमोर. गुढीपाडव्याला त्यानं गाडीची चावी ओट्यावर ठेवली, बायको राही आणि दोन पिशव्या घेतल्या, आणि बस धरली. मी थांबवलं नाही. काऊन थांबवायचं?

विमल तेव्हापासून पाडव्याला गोड करत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

ठरलं. शोरूमवर विश्वास नाही, परीक्षा मी घेणार. शेजारच्या गावच्या सुधाकररावांनी गेल्या वर्षी गॅसची पिकअप घेतली आहे. ती आणि माझी डिझेलची. एक दिवस, एक रस्ता, एक वजन. घरापासून नेरडीगोंडा, आणि परत.

शेतातला मुरूम साठ पोत्यांत भरला. प्रत्येक पोतं काट्यावर, बरोबर चाळीस किलो. तीस त्यांच्या गाडीत, तीस माझ्या. मजूर हसत होते. सुधाकरराव तर काट्याशेजारी बसूनच राहिले — ‘पंढरीभाऊ, गाडी घेऊन राह्यले का पोरीसाठी नवरा पाहून राह्यले? इतकी चौकशी तं आमच्या सासऱ्यानं नाई केली!’

म्हटलं, केली असती तर बरं झालं असतं.

खूप हसले. माणूस तसा बरा आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

परीक्षा झाली. डोकं तापलंय.

पहाटे दोन्ही टाक्या काठोकाठ. सुधाकररावांना बजावलं, काटा पन्नासच्या वर न्यायचा नाही. मी बरोबर पन्नासवर. आरशात बघतो तर हा माणूस मागे मागे! थांबलो. ‘हळू चालवून गॅस वाचवताय का?’ ‘अहो काटा पन्नासवरच हाय नं बापा!’ पुन्हा निघालो, पुन्हा मागे. तीनदा. इच्चोड्याला चहा प्यायलो, पैसे आपापले दिले.

परत आल्यावर मीटर पाहिले. त्यांचा १२०. माझा ११२.

एकाच रस्त्यानं गेलो, एकाच रस्त्यानं आलो. आठ किलोमीटर आले कुठून? मला लगेच कळलं. मीटर पुढे सरकवून ठेवलाय! म्हणजे मायलेज जास्त दिसतं, उद्या गाडी विकायला बरी. तोंडावर सांगितलं.

सुधाकरराव कधी रागावत नाहीत. आजही नाही. चाव्या खिशात टाकल्या, म्हणाले, ‘पंढरीभाऊ, तुमच्या जगात सारे चोरच राह्यते का?’ आणि गेले. मुरमाची पोतीसुद्धा उतरवू दिली नाहीत. तशीच घेऊन गेले.

२४ सप्टेंबर

सिद्ध करून दाखवीन. हायवेला किलोमीटरचे दगड आहेत. दगड कुणाचा मीटर सरकवत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

एकटाच गेलो. मीटर शून्यावर केला. पंधरा दगड मोजले.

मीटर चौदा.

मोजायला चुकलो असेन. परत फिरलो. पंधरा दगड. चौदा. तिसऱ्यांदा गाडी हळू घेतली, प्रत्येक दगडापाशी मोठ्यानं आकडा म्हटला. रस्त्यावरची एक बाई थांबून बघत होती. पंधरा. चौदा.

घरी आलो. स्टेपनी गाडीखाली लटकलेली आहे, ती अजून कंपनीचीच, जुन्या नंबरची. काढली. सुतळी गुंडाळून घेर मोजला — २१८ सेंटिमीटर. मग चालत्या चाकाचा — २३३.५.

चाक मोठं. एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं. मीटर फेरे मोजतो, रस्ता नाही. गाडी पंधरा किलोमीटर गेली की तो चौदा दाखवतो.

१२.६ ला चौदानं भागा, पंधरानं गुणा.

१३.५.

२६ सप्टेंबर

लिहायचं काही नाही.

२७ सप्टेंबर

गाडीला काहीही झालेलं नाही. पंप ठीक होता. मी तो दोनदा उघडला! नोझल ठीक. तीन वर्षं ती १३.५ च देत आली.

डिझेल कुणीच काढलं नाही. एक लिटर नाही.

शोरूमचा फोन. ‘सार, गॅस की डिझेल? दसऱ्याला गाड्या कमी पडतात.’ उचलून ऐकलं, ठेवून दिला.

२८ सप्टेंबर, रविवार

सुधाकररावांकडे गेलो. मीटर तुमचा बरोबर होता, म्हणालो. ते गोठ्यात होते. ‘माहीत हाय,’ म्हणाले. ‘च्या घेता का?’ घेतला. पोती अंगणात रचलेली दिसली. मुरूम घेऊन जातो म्हटलं तर म्हणाले, ‘राहू द्या, ओट्याले कामी पडते.’

इतकं सोपं होतं तिथं.

२९ सप्टेंबर

विमलनं विचारलं, ‘काऊन जेवून नाई राह्यले चार दिवस?’ सांगितलं. सुतळी दाखवली, गुणाकार समजावला. मला वाटलं, रडेल. नाही. हात पुसले, म्हणाली, ‘मले कायले हिशेब सांगता? भाऊजीले जाऊन सांगा.’

काय सांगायचं ते कागदावर उतरवलं. तीनदा खोडलं. शेवटी असं ठरलं — दोष टायरचा. मला माहीत नव्हतं, तुला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. मोजमापात अशी चूक इंजिनिअरकडूनही होते. झालं ते झालं. दसऱ्याला घरी ये, आणि गाडी तू घे.

वाचून पाहिलं. बरोबर आहे. कुठं खोटं नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

मंचेरियल. स्टेशनमागं एक खोली. राही दारात होती. भासऱ्यासमोर बोलायचं नाही म्हणून पदर ओढून आत तोंड करून म्हणाली, ‘दादा आले.’

चंपत कोळशाच्या टिप्परवर असतो. नुकताच अंघोळ करून बसला होता, पण नखांत काळं तसंच. बारीक झालाय. उठला, पाया पडला. ते मला जड गेलं.

मी कागद न काढता सगळं बोललो. १४ आणि १५, २१८ आणि २३३.५. तो ऐकत होता. मध्ये एकदाही ‘हो का?’ म्हणाला नाही. एवढा मोठा शोध सांगतोय आणि याच्या चेहऱ्यावर काही नाही! मग मी शेवटचं म्हटलं — तुला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं.

तेव्हा वर पाहिलं त्यानं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

‘दादा, आज समजलं का तुले?’

म्हटलं, म्हणजे?

‘काई नाई. च्या पे.’

घरी चल म्हटलं. गाडी तुझीच, कुलूप आजच काढतो, गॅसची नको, डिझेलची नको, हीच चांगली आहे. त्यानं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘इथं मालक बी मीटर पाह्यते, दादा. पण कमी भरलं तं पयले मले इचारते, काऊन कमी भरलं म्हनून. मी सांगतो. तो ऐकते.’

राहीनं आतून पोह्यांची ताटली सरकवली. खाल्ले. चव कळली नाही.

निघताना बसपर्यंत आला. पिशवी हातात दिली, आणि खिडकीखाली उभा राहून म्हणाला, ‘तू तं सारं लिहून ठेवतं नं? कुलूप लावलं त्या दसऱ्याचं पान पाह्यजो एक डाव.’

बस सुटली.

१ ऑक्टोबर

जुन्या वह्या लोखंडी पेटीत आहेत. सालवार, दोऱ्यानं बांधून. उघडली नाही. शेतात गेलो, आलो. सोयाबीन आणखी आठ दिवस घेईल.

मला आठवत नाही तो काय बोलला ते. खरंच आठवत नाही. पण जे घडतं ते मी लिहितो, वगळत काही नाही. त्याचीच भीती वाटते आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

२४ ऑक्टोबर २०२३ चं पान. जसंच्या तसं उतरवतो. अक्षर माझंच आहे.

‘पूजेआधी टाकीला कुलूप बसवलं. चंपत म्हणाला, दादा, टायर मोठे टाकले तवापासून मीटर मागं राह्यते, एक डाव दगड मोजून पाहू. म्हटलं, चौथी नापासानं मला गणित शिकवू नये. सगळे हसले. मीही हसलो. नारळ फोडला.’