जागीचा तिसरा भाग

४ मार्च, मंगळवार

लिहायचं लिहायचं म्हणून टाळत आले. ही वही घेतली तेव्हा दुसऱ्याच गावात होते, दुसऱ्याच नोकरीवर. पहिल्या पानावर नुसतं एका बाईच्या टोपीचं चित्र आहे. का काढलं, देव जाणे. पण टाळण्याचं खरं कारण वेगळं आहे. लिहिलं की खरं होतं. तर घे, खरं – ताई उठत नाही.

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी बागेत पाळण्यांच्या तिकीटखिडकीवर होते. समोर ही रांग! भाऊजी म्हणाले, “ये. ती उठत नाही.” मला वाटलं थट्टा. म्हटलं, “गजर लावा की!” पलीकडून नुसता श्वास. तेव्हा कळलं. खिडकी तशीच उघडी टाकून निघाले. नोकरी गेलीच असणार. जाऊ दे, माझ्या नोकऱ्या जायलाच येतात.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ताई लोकांचे कपडे उसवून मापात बसवून देते – द्यायची. मशीनवर चादर टाकलीय, मेलेल्या माणसावर टाकतात तशी. भिंतीशी गिऱ्हाइकांच्या पिशव्या, प्रत्येकीला ताईच्या हातची चिठ्ठी टाचलेली. ‘कंबर दोन बोटं आत.’ ‘बाही सोडणे.’ आणि ताई पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

“ताई, मी आले गं. भिरभिरं आलं तुझं.”

पाठ हललीसुद्धा नाही.

५ मार्च, बुधवार

ती भिंतीकडे बघत. मी तिच्या पाठीकडे. संपला दिवस.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टर येऊन गेले. शरीरात काही दोष नाही म्हणाले. इतके खुशीत म्हणाले की वाटलं आता पेढ्यांचे पैसे मागतात! मग दारात हळूच – “खाणं वाढलं नाही तर सोमवारी सतरा तारखेला भरती करू. नळीनं देऊ.” भाऊजींनी मान हलवली. खाली वाकून डॉक्टरांचे बूट नीट करून ठेवले, उगाचच.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढतात. “घाबरू नका, दोन मिनिटं, आलोच,” असं फटीतून ओरडायचं असतं म्हणे. घरी येतात आणि खोलीच्या दारात उभे राहतात. ओरडतासुद्धा येत नाही. कुठल्या फटीतून ओरडायचं?

काय झालं तिला, ते कोणालाच सांगता येत नाही. मूल गेलं नाही, भांडण नाही, काही नाही. हळूहळू मंद होत गेली म्हणतात भाऊजी. आधी बाहेर जाणं थांबलं, मग शिवण, मग बोलणं, मग वेणी.

मी तिची वेणी घालायला गेले. केसांचा पार गुंता झाला होता. निम्म्यातच बाहेर येऊन रडले. भाऊजी म्हणाले, “चहा टाकू?” दुसरं काय म्हणणार!

८ मार्च, शनिवार

कपाटात ‘झोपेचं राज्य’ सापडलं! दोन्ही भाग!

आम्ही अशाच पुस्तकांवर वाढलो. जुन्या परीकथा, नव्यानं सांगितलेल्या. लांडग्याशीच गट्टी जमवणारी मुलगी, मनोऱ्यातून स्वतः दोर विणून उतरणारी. मी शाळेला दांडी मारून वाचायची. ताई शाळा करून, घर करून, मग वाचायची. तरी माझ्या आधी संपवायची.

‘झोपेचं राज्य’ आमचं सगळ्यात लाडकं. शापानं अख्खं राज्य झोपतं, पण जिला झोपायचं असतं ती राजकन्याच जागी राहते! सगळे घोरतायत आणि ही एकटी वाड्यात फिरतेय. तिचं नावच पडतं जागी. दुसऱ्या भागाच्या शेवटी जागी काट्यांतून वाट काढत वेशीपाशी पोचते, दार बाहेरून बंद. तिथेच संपतं. तिसरा भाग आलाच नाही. किती वर्षं वाट बघितली आम्ही!

चौकातल्या पुस्तकवाल्याकडे धावले. तो म्हणाला, “तिसरा? विसरा. दुसराच पडून राहिला. हे घ्या – ह्यात बेडूकच हीरो आहे. शेवटपर्यंत बेडूकच. तुमच्या वयाला चालेल.”

माझ्या वयाला! बेडूक!

९ मार्च, रविवार

पहिला भाग वाचून दाखवला. पाठ तशीच.

वाचता वाचता मलाच राग आला. ह्या सगळ्या पुस्तकांत मुली स्वतःच स्वतःला सोडवतात. लहानपणी टाळ्या वाजवल्या होत्या मी. राजपुत्र कशाला हवा म्हणून! आणि आता ताईच्या उशाशी बसून तेच वाचायचं – ऊठ बये, तूच तुला सोडव, सगळ्या सोडवतात. हे म्हणजे लंगड्याला जिना दाखवण्यासारखं. जुन्या गोष्टीत निदान कोणीतरी यायचं तरी.

पुस्तक आपटलं. मग उचलून पुसलं.

११ मार्च, मंगळवार

दुसरा भागही संपला. आणि मी एक उद्योग करून बसले.

भाऊजींचं लिफ्टच्या देखभालीचं जाडजूड पुस्तक आहे. त्याला दुसऱ्या भागाचं वेष्टन चढवलं आणि ताईला म्हटलं, “ओळख बघू काय मिळालं! तिसरा भाग!”

बसले आणि ‘वाचायला’ लागले. जे तोंडाला येईल ते. जागी वेशीपाशी आहे, दार बंद. मग तिला एक चांभार भेटतो (मला आधी तिच्या चपलांची काळजी वाटली), मग चांभाराची बकरी, मग बकरीची भानगड. तासभर बकरीच! वेस राहिली बाजूला. माझं हे असंच, आई म्हणायची तुला मीठ आणायला पाठवलं तर समुद्र बघून येशील.

पण थांबले तेव्हा ताईची मान एवढीशी वळली. एवढीशीच. सूपही चार चमचे गेलं.

भाऊजींना सांगितलं तर ते मोरीत गेले आणि नळ सोडून बसले. बराच वेळ.

१२ मार्च, बुधवार

ती बोलली!!

मी सांगत होते, जागीनं दोन्ही हातांनी दाराची कडी धरली आणि –

“डावा हात नाही तिला.”

भिंतीकडूनच. घोगरा आवाज, जुन्या बिजागरीसारखा. खरंच की! दुसऱ्या भागात काट्यांनी खाल्ला होता. मीच वाचलं होतं कालपरवा! मी म्हटलं, “छापायची चूक दिसते.” ताई म्हणाली,

“आणि पुस्तकात आकृत्या कधीपासून?”

वेष्टन सरकलं होतं. लिफ्टची दोरी आणि कप्पी, चांगली पानभर.

मला वाटलं आता हसेल. लहानपणी अशा वेळी दोघी पोट धरून हसायचो. नाही हसली. “तूसुद्धा नं,” म्हणाली. पांघरूण ओढून घेतलं. सूप तसंच राहिलं, वर साय धरेपर्यंत.

१३ मार्च, गुरुवार

भाऊजी आज दारातून आत आले. पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, “अगं, किती झोपशील? थोडं उठून बस.”

ताई म्हणाली, “मी झोपत नाही हो. मी कधीची जागी आहे.”

दिवस नाही, रात्र नाही. डोळा लागतच नाही म्हणाली. महिनेच्या महिने. आणि आम्ही सगळे चवड्यांवर चालतोय, झोपू दे तिला, हळू बोला म्हणून!

भाऊजींचा चेहरा बघवेना. मी गॅलरीत गेले. समोरच्या गच्चीवर एक माणूस कबुतरांना हाकलत होता. कबुतरं उडायची, पुन्हा तिथेच बसायची.

१४ मार्च, शुक्रवार

काल लिहिलं नाही ते आज लिहिते. ‘तुला सुखाची झोप लागायची नाही.’ हे आईचं वाक्य आहे. मला तोंडपाठ आहे, फोन स्पीकरवर होता.

ताईनं लग्न केलं कचेरीत, सह्या करून. आईला मुळात भाऊजी पसंत नव्हते – “लिफ्टवाला? वर नेईल नि खाली आपटेल!” ताई म्हणाली, बोलावलं तर तमाशा करेल, नंतर सांगू. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. तिला कळलं ते गिऱ्हाइकाकडून, शर्टाची घडी घालताना. मग तो फोन आला. “लेकीच्या लग्नाला मी न बोलावलेली! तुझ्या उंबऱ्यात पाऊल टाकणार नाही. आणि तुला सुखाची झोप लागायची नाही, लिहून ठेव.” त्याला तीन वर्षं झाली. मीसुद्धा फोनवर ताईचं नाव काढलं की आई म्हणते, “मला एकच मुलगी. ती पण भटकी.”

आज ताईनं मला विचारलं, “तुझ्या तिसऱ्या भागात न बोलावलेलीचं काय झालं?”

मी आ वासून बघत राहिले. ‘झोपेच्या राज्या’त शाप देणारी तीच तर आहे! राजवाड्यातल्या जेवणाला सगळ्यांना बोलावतात, तिचं नाव राहून जातं. म्हणून ती शाप देते. आणि मी चांभार आणला, बकरी आणली, बकरीचा मामा आणला – तिलाच विसरले.

“तूपण विसरलीस,” ताई म्हणाली. “सगळे तिलाच विसरतात. त्यातूनच तर झालं सगळं.”

“मग सांग ना, पुढं काय होतं?”

“काही होत नाही. ती बाहेर बसते. जागी आत बसते. म्हातारी होतात.”

त्यानंतर बोलली ती एवढंच – “माझा फोन कुठे असतो?” खणात मेलेला पडला होता. चार्जिंगला लावून दिला. वेळ बघायला असेल. तिनं उशीखाली ठेवून दिला.

आज दूधही नको म्हणाली.

१५ मार्च, शनिवार

मी पळाले. इथे खोटं कशाला लिहू.

सकाळी पिशवी भरली. ताईला म्हटलं, ब्रेड आणते. सरळ बसस्टँड गाठला. सोमवारी तिला नळी लावताना बघायचं नव्हतं मला. माझ्या येण्यानं काय झालं? जे एक राहिलं होतं आमच्यात, गोष्ट, तीही खोटी करून टाकली. कुठलीही बस चालली असती.

गाडी लागली होती. तेवढ्यात फलाटावर एक म्हातारा छत्री दुरुस्त करताना दिसला. एक काडी तुटलेली, तो दुसऱ्या मोडक्या छत्रीतली काढून ह्या छत्रीत बसवत होता, दाभणानं, तोंडात दोरा धरून. बघत राहिले. ताई अशीच दोरा धरायची. गाडी गेली. दुसरीही गेली.

“कुठं जायचं होतं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“ब्रेड आणायला.”

“मग इथं काय ब्रेड मिळतो का?” तो म्हणाला.

ब्रेड घेऊन परत आले. भाऊजींनी माझी भरलेली पिशवी बघितली. घेऊन कपाटावर ठेवली, माझा हात पोचणार नाही अशी. मी रडायला लागले तर म्हणाले, “घाबरू नका, दोन मिनिटं.” आणि स्वतःच रडायला लागले.

ताईच्या दाराशी गेले. आत ती कोणाशी तरी पुटपुटल्यासारखी वाटली. मला बघून गप्प झाली. आता एकटीच बोलायला लागली का? हे भाऊजींना नाही सांगितलं.

१६ मार्च, रविवार

उद्या हॉस्पिटलची गाडी येणार. भाऊजींनी तिची बॅग भरली. कंगवा, टॉवेल, दोन गाऊन. मी दोन्ही भाग वर ठेवले, मग काढले, मग पुन्हा ठेवले.

तिला आज दोन घोट पाणी. बस.

बसल्या बसल्या गिऱ्हाइकाच्या एका पिशवीतली बाही उसवायला घेतली, ताईच्या चिठ्ठीप्रमाणे. वाट लावली! कापडच फाटलं. टरकन आवाज झाला. तिनं मान वळवून बघितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काही होत नाही, म्हणाली होती. तिसरा भाग म्हणून येतच नाही. बरोबर आहे तिचं.

१७ मार्च, सोमवार

बेल वाजली. वाटलं, गाडीवाला आला. भाऊजी बॅग उचलून पुढे, मी दार उघडलं.

आई.

प्रवासातून आलेली, चुरगळलेली. जी शेजाऱ्यांच्या पडद्यांनासुद्धा इस्त्री करते, तिच्या साडीला घडी नाही. भाऊजींच्या हातातली बॅग खाली पडली.

“तुला कोणी बोलावलं?” माझ्या तोंडून गेलं.

“तिनं,” आई म्हणाली. “शनिवारी. नुसतं ‘ये’ म्हणाली.”

हे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लिहितेय. आई अजून उंबऱ्याबाहेरच उभी आहे. भाऊजी या म्हणाले, मी ये म्हटलं, तर आम्हाला हातानं गप्प केलं. “तुम्ही नाही. तिनं दारात यायला हवं.” आणि मग आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं – “मी थांबते गं. मला घाई नाही.”

आत पलंग करकरला.

जमिनीवर पाय टेकल्याचा आवाज.