अर्धा कोयता

प्रिय योहान,

समोर कधी तुझं नाव घेत नाही, पत्रात घेतेय. तुझ्या आईला वाचता येत नाही, म्हणून काळजी नाही. घरी आपण मावचीत बोलतो, पण हे सगळं मला आश्रमशाळेतल्या मराठीतच नीट मांडता येईल. फोनवर बोलायला बसलं की तुझ्या खोलीतली चार पोरं मागून डोकावतात, मग मी भातलावणी आणि आपल्या एस्तेरची शाळा एवढ्यावरच आवरतं घेते. आपल्या गावातला दानियल सोमवारी तुमच्याकडेच फरशीच्या कामावर निघतोय, त्याच्या हाती हे देतेय. इस्रायलचा करार अजून दोन वर्षं वाढवू का, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर यात आहे, पण आधी मला बरंच काही विचारायचंय.

तू गेल्यापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. बारडोलीकडे ऊसतोडीला जायचो तेव्हा नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचे. तू तोडायचास, मी मोळ्या बांधायचे, एस्तेर पाचटावर झोपायची. कुणी एकटा आला तर तो अर्धा कोयता, मुकादम त्याला उभंही करायचा नाही. म्हणूनच तू विमानाला निघालास तेव्हा मी सवयीने तुझ्या बॅगेत दोन थाळ्या आणि दोन पेले भरले. विमानतळावर वजन जास्त भरलं आणि तू फोनवर माझ्यावर चिडलास. खरं वजन तुझ्या आईने दिलेल्या नागलीच्या पिठाचं होतं, पण बोलणी मी खाल्ली.

इथे जोडीशिवाय काम नाही आणि तिथे जोडीने चालत नाही, हे असं उलटं का, ते मला कळेना. नंदुरबारला परदेशी जाणाऱ्यांसाठी शिबिर होतं, तिथे मी सरळ विचारलं. माहिती द्यायला रनाळ्याच्या ममता मॅडम होत्या. आधी त्यांनी पुस्तकी मराठीत नियम सांगितले. माझं समाधान होईना, तेव्हा चष्मा काढून हळूच अहिराणीत म्हणाल्या, “बहिन, तू आठे शे म्हनीसनीच तो परत यी ना.” मी इथे आहे म्हणूनच तू परत येशील. म्हणजे काम करायला तुला बोलावलं आणि तू तिथे रुजू नयेस म्हणून मला इथे खुंट्याला बांधलं. मला राग आला. मॅडमचा नाही, त्यांनी निदान खरं सांगितलं.

तेव्हापासून मी कोण कुठून कुठे जातं हेच बघत बसते. आपली माणसं गुजरातेत जातात आणि नवापूरच्या पोल्ट्रीत झारखंडची पोरं येतात. त्यांच्यातल्या एकाला विचारलं, तुमच्या गावात मग कामाला कोण येतं? तो म्हणाला, कुणीच नाही, तिथे फक्त म्हातारी उरलीत. आणि तू आहेस तिकडची माणसं कुठे जातात रे कामाला? त्यांच्यातही कुणी घर सोडून लांब जातं का? तू दोन वर्षं राहिलास, पण हे कधी सांगितलं नाहीस. तू फक्त जेवलीस का एवढंच विचारतोस.

तुझ्या इमारतीसमोर बाकावर बसणाऱ्या त्या आजी, ज्यांचा हात धरून फिलिपिन्सची बाई फिरवते, त्यांच्याबद्दल मात्र मी तुला किती वेळा छेडलं. त्यांना मुलं आहेत का? आंघोळीला पाणी कोण काढतं? ती बाई त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलते, आणि रागावली तर कुठल्या भाषेत रागावते? तू म्हणायचास, हिला नसत्या चौकशा. त्या नसत्या नव्हत्या.

दर शनिवारी मी नवापूरच्या दवाखान्यात जास्तीचं काम करते, असं तुला सांगत होते. काम नव्हतं, रुग्णसेवेचा अभ्यासक्रम होता. पलंगावरच्या माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, ते मला आता येतं. मुलाखत झाली आणि इस्रायलला म्हाताऱ्या माणसांच्या सेवेसाठी माझी निवड झाली. पण एका घरातली दोन माणसं एकाच वेळी तिथे परवान्यावर राहू शकत नाहीत, हे ममता मॅडमनी तीनदा बजावलंय. म्हणजे तू सही केलीस तर मी जाऊ शकत नाही. सायरन वाजला की तुम्ही तळघरात पळता, हे मी विसरलेले नाही. एस्तेरला सोडून जाण्याच्या विचाराने तर रडूच येतं. तरी मला जायचंय. घर चालवण्यासाठी तू गेलास तेवढं पुरे होतं. मला ते सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय आणि परत येऊन तुला सांगायचंय. तोवर तू एस्तेरच्या वेण्या घाल, तिला शाळेत सोड. तू येशील आणि मी निघेन, मध्ये आपल्याला जेमतेम एक आठवडा मिळेल, हे मला माहीत आहे. तुला नाही म्हणायचं असेल तर ते फोनवर म्हणू नकोस. इथे घरी येऊन, माझ्यासमोर बसून म्हण.

तुझीच, निघायच्या तयारीत,
सुसाना