खिडकीची जागा

वसुबारस, संध्याकाळ

“काऊन डोस्कं बाहेर काढून राहिली? डोळ्यात कोळसा जाईल!” लहानपणी छोट्या लाइनच्या, नॅरोगेजच्या गाडीत दादा असं ओरडायचा आणि मला ओढून स्वतः खिडकीत बसायचा. मामाचं सौंदड येईपर्यंत कोळसा त्याच्याच डोळ्यात! फुंकर मीच घालायची.

यंदा भाऊबीजेला गोंदियाहून सौंदडपर्यंत वाफेच्या इंजिनाची खास गाडी सुटणार! ऐकल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. दोन तिकिटं काढूनही टाकली. वेडी आहे का मी? शेताच्या वाटणीपासून दादा बोलत नाही. फोन केला की वहिनी म्हणते, “ते झोपून राहिले.” भरदुपारीसुद्धा! आताही नाहीच म्हणेल. तरी मेसेज पाठवला:

दादा, येशील? खिडकी तुझी. फुंकर मी घालीन.