दुसरी ओळ

लॉस्ट मेअर फोर्क, केंटकी
११ मे

प्रिय झेला,

तुला, रे भाऊजींना आणि पोराबाळांना आम्हा दोघांचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या ओमावहिनीचे गुडघे दुखतात, पण ती ते कबूल करत नाही, म्हणजे तीही ठीकच. बटाटे लावून झाले. वाटाण्याचा मात्र हरणांनी एक शेंडा ठेवला नाही.

तुझं पत्र ओमाने मला दोनदा वाचून दाखवलं. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, आई-बाबांच्या स्मरणसभेला, तुम्ही सगळे मोठी गाडी भाड्याने घेऊन येणार! इतकी वर्षं बोलावून बोलावून माझी जीभ झिजली, तेव्हा तुम्हाला कारखान्यातून सुट्टी मिळत नव्हती. आता तुझ्या नातीच्या, कर्स्टनच्या, कॉलेजातल्या मास्तरीणबाईंनी डोंगरातलं जुनं गाणं ऐकून या म्हटल्याबरोबर तुमचं सगळं डेटन शहर निघालं. असो. मास्तरीणबाईंचं भलं होवो.

रस्ता लिहितो, लॅरीला दे. तुझा लेक गाडी चांगली चालवतो, पण डोंगरात त्याची परीक्षा आहे. विंचेस्टरला मोठा रस्ता सोडा आणि माउंटन पार्कवे धरा. कॅम्प्टनपर्यंत डोळे मिटून याल. तिथून पुढे वळणं. धाकट्या नातवाला पुढे बसव आणि पोटात काही देऊ नकोस, नाहीतर भाड्याची गाडी धुवावी लागेल. जॅक्सनला थांबून जेवा. हॅझर्ड सोडलं की मोबाइल मरतो, तेव्हा लॅरीला म्हणावं, यंत्राला रस्ता विचारत बसू नकोस, आईला विचार. डावीकडचा डोंगर दिसला नाही म्हणून चुकलो असं समजू नका. तो आता नाहीच. कोळशासाठी वरून कापून नेला.

कर्स्टनने विचारलंय, बॅंजो कोण वाजवतं. तिला सांग पोरी, आपल्या चर्चच्या गाण्यात बॅंजो नाही, पेटी नाही, काहीच नाही. एकजण उभा राहतो आणि एक ओळ भराभर म्हणून टाकतो. ती ओळ मग सगळे मिळून ओढतात, लांब, वळणावळणाने, ज्याला जशी येईल तशी. शेवटचा सूर संपायच्या आत त्याने पुढची ओळ द्यायची. स्वरलिपी नाही, शिकवणी नाही. लहानपणी आईच्या मांडीवर ऐकून जेवढं अंगात शिरलं तेवढंच.

ओळ मीच देणार ना, असं तू विचारलंस. बघू. आपल्या चर्चचे म्हातारे ब्रदर कॉय आहेतच.

ओमा विचारते, सुक्या सफरचंदाचा थरांचा केक मुलं खातात का? आणि दोऱ्यात ओवून वाळवलेल्या शेंगा? की त्यांना शहरातलंच काही लागतं?

फोन का उचलत नाहीस म्हणून रागावलीस. मला फोनवर बोलायला आवडत नाही. पत्रात माणूस नीट बोलतो.

तुझा दादा,
हासेल


८ जून

प्रिय झेला,

सर्वांना आशीर्वाद. पाऊस बरा आहे. ओमाने मुलांसाठी माडीवरची खोली झाडली, त्यात तिला आपल्या आईची शिंकायची डबी सापडली. आई चर्चमध्ये तपकीर ओढायची आणि बरोबर उपदेशाच्या मध्यावर शिंकायची, आठवतं?

तू ओमाला फोन केलास तेव्हा मागे कसली घरघर ऐकू येत होती म्हणतेस. फ्रीज आहे तो. म्हातारा झालाय.

कर्स्टनला मशीनवर गाणं भरून घ्यायचं आहे हे मी चर्चवाल्यांना विचारलं. नाही म्हणाले. सभेत यंत्र चालत नाही, तुला माहीत आहे. ऐकायचं तर कानांनी ऐक आणि घेऊन जा.

आता एक सुचवतो, रागावू नकोस. तुम्ही शनिवारीच या. गावात जुन्या शाळेच्या इमारतीत शनिवारी फिड्ल आणि बॅंजोवाले जमतात, पोरं नाचतात. छान असतं. कर्स्टनच्या मास्तरीणबाईंना तेच हवं असणार. ते ऐका, आमच्याकडे येऊन जेवा, आई-बाबांच्या थडग्यांवर फुलं ठेवा आणि रविवारी सकाळी ऊन व्हायच्या आत परत फिरा. सभेत आता तशी मजा राहिली नाही. माणसं किती येतात? बाकं रिकामी, आणि जी आहेत ती सगळी माझ्याहून म्हातारी. कॉयना ऐकू येत नाही. लोक ओळ ओढत असतात आणि ते पुढची ओळ देऊन मोकळे. मग अर्धे लोक मागच्या ओळीवर, अर्धे पुढच्या. मागच्या महिन्यात ओमाला हसू आवरेना, तोंडावर रुमाल धरून बसली होती म्हणे.

मुलांना एवढ्या लांबून आणून ते काय दाखवायचं?

ओमा म्हणते, सगळं लिहिलंस का? लिहिलं म्हणालो.

तुझा दादा,
हासेल


२९ जून

झेला,

तू मला खोटारडा म्हणालीस. बरोबर आहे. ओमाने तुला सांगितलं ते मला काल कळलं. भांडलो तिच्याशी, म्हणजे ती भांडली आणि मी पुढच्या श्वासाची वाट बघत बसलो. आता माझ्याच तोंडून ऐक.

घरघर फ्रीजची नाही. माझ्या नाकात नळी आहे आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला मशीन आहे. फोन उचलला असता तर दोन वाक्यांत तुला कळलं असतं, म्हणून उचलला नाही. बाबांना झालं होतं तेच. त्यांनी कोळसा खणला, मी त्याच्या वरचा दगड कापला. दगडाची धूळ कोळशाहून वाईट म्हणे. दवाखान्यातल्या पोरीने मला छातीचा फोटो दाखवला. मी म्हटलं, "एवढं पांढरं? हा बर्फ कुणी पाडला?" ती हसली नाही.

पण हे सांगायला मला एवढा त्रास झाला नसता. बाबांची छाती आपण दोघांनी लहानपणी रात्र रात्र ऐकली आहे. लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची.

एप्रिलमधल्या रविवारी मी ओळ द्यायला उभा राहिलो. नळी ओमाच्या हातात देऊन. पहिली ओळ दिली. बरी गेली. लोकांनी ती उचलली, ओढली, आणि मी दुसरीसाठी तोंड उघडलं. काही आलं नाही. शब्द होते, झेला. ओठांवर होते. खाली हवाच नव्हती.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. उभ्या माणसाच्या तोंडातलं गाणं कुणी घेत नाही. तो खाली बसेपर्यंत ते त्याचं. लोक शेवटचा सूर धरून थांबले. तो संपत आला तशी मागून बायकांनी पहिलीच ओळ पुन्हा धरली. मला वेळ मिळावा म्हणून. सगळ्यांनी ती पुन्हा ओढली. मी पुन्हा तोंड उघडलं. त्यांनी तीच ओळ तिसऱ्यांदा गायली, आणखी सावकाश. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे जमिनीकडे बघत होते. असं कधी कुणासाठी केलेलं मी पाहिलं नव्हतं. कुणी उठून "हासेल, बस आता" म्हणाला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

मी बसलो. गाणं तिथेच संपलं. कॉयनी प्रार्थना केली.

तेव्हापासून मी आत जात नाही. ओमा जाते, मी बाहेर गाडीत बसतो.

तू म्हणशील, दुसरं कुणी नाही का? मीही तेच शोधत होतो. तुम्ही येणार म्हणून जास्तच. पुरुषांत ऐकू न येणारे कॉय आणि तो लंगडा बर्ल, आणि बर्लला सूर कशाशी खातात माहीत नाही. पण ओमाला सगळं येतं. चाळीस वर्षं बायकांच्या बाकावर बसून तिने माझी प्रत्येक ओळ ऐकली आहे. मी चुकलो तर घरी आल्यावर सांगायची. आपल्याकडे बाई ओळ देत नाही हे मला कळतं, तरी मी कॉयच्या ओसरीपर्यंत गेलो. कानात ओरडायला माझ्याकडे हवा नाही, म्हणून पाटीवर लिहून दाखवलं, ओमाने दिली तर? त्यांनी खूप वेळ वाचलं. मग म्हणाले, "हासेल, मला चालेल. देवालाही चालेल बहुतेक. तिला विचारलंस का?"

तिला विचारलं. बरण्या धूत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू समोर बसलेला असताना मी उभी राहणार नाही. आणि तू नसलास तर मला गायचं नाही." मी दोनदा विचारलं, दोनदा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तर स्वयंपाकघरातून निघून गेली. आता मी तो विषय काढत नाही.

म्हणजे ऑगस्टमध्ये सभा होईल, उपदेश होतील, जेवण होईल. गाणं होणार नाही. लॅरीला सांग, गाडीवाल्याला नाही म्हण.

हासेल


१४ जुलै

प्रिय झेला,

तुझं रडून ओलं झालेलं पत्र मिळालं. शाई पसरली होती, तरी वाचलं.

तू लिहितेस, आम्ही सगळे येऊ, आम्हीच गाऊ, तू फक्त बस. झेले, काय गाणार? तू त्या पियानोवाल्या चर्चमध्ये पन्नास वर्षं जातेस. आपली ओळ तुला आठवते, पण ओढता येत नाही. ख्रिसमसला फोनवर गुणगुणलीस तेव्हाच मला कळलं होतं. तुझा सूर सरळ झालाय, वळणं गेली. बोललो नाही, कारण त्यात तुझा दोष नाही. इथे पोट भरत नव्हतं, तुला जावंच लागलं. तुझ्या मुलांनी ते ऐकलंच नाही, ते कुठून गातील?

परवा कर्स्टनने फोन केला. ओमा बागेत होती, वाजून वाजून थांबेना म्हणून मी उचलला. गोड पोर आहे. म्हणाली, "आजोबा, मी मशीन लावणार नाही, वचन देते. एकच ओळ द्याल? मला फक्त ऐकायची आहे." मला वाटलं, बसून, नळी लावून, एक ओळ. एवढं तर जमेल. दिली. मध्ये तीनदा थांबलो. खोकला आला. मग पुन्हा धरली आणि पुरी केली.

मग ती म्हणाली, "खूप सुंदर होतं, आजोबा." माझ्यावर दया करून खोटं बोलली. मला राग आला नाही. पण मी फोन ठेवला आणि ओमा येईपर्यंत तसाच बसलो. तिने ऐकलं ते गाणं नव्हतं. आणि आता तिला आयुष्यभर वाटणार की आपलं गाणं असं असतं.

म्हणून सांगतो. मुलांना आणू नकोस. रे, लॅरी, नातवंडं, कुणालाच नको. त्यांनी एवढ्या लांब गाणं ऐकायला यावं आणि माझा श्वास ऐकून परत जावं हे मला सहन होणार नाही. ती शनिवारची फिड्ल त्यांना पुढे केव्हाही ऐकता येईल, ती कुठे जात नाही.

तू एकटी ये. बसने हॅझर्डपर्यंत ये, ओमा घ्यायला येईल. काही आणू नकोस. रडणार असशील तर कॅम्प्टनच्या आधी रडून घे.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात दुसरा फोटो काढला. या वेळी मी विनोद केला नाही. त्या पोरीने ओमाला बाहेर बोलावलं आणि बराच वेळ बोलत होती. ओमाने मला काही सांगितलं नाही, पण घरी येताना तिने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि स्टिअरिंग धरून नुसती बसली. मीही विचारलं नाही.

पत्र हातात पडलं की नीघ. ऑगस्टपर्यंत थांबू नकोस.

तुझा दादा,
हासेल