आईच्या डाव्या पायाबद्दल

ता. १४, शुक्रवार

चि. थोरलीस बापाचा आशीर्वाद.

तू, जावई, मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. फोन करणार होतो, पण फोनवर तू ‘हं’ म्हणतेस आणि मला पुढचं सुचत नाही. म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंत शिकलेल्याचं अक्षर आहे, चष्मा लावून वाच.

दुकान चालू आहे. नवे बूट कुणी शिवून घेत नाही, टाचा बदलायला येतात. शेजारच्या शिंप्यानं सगळे दात काढून घेतले. आता शिव्या देतो त्या कळत नाहीत. तेवढीच शांतता.

आईच्या डाव्या पायाचा अंगठा गेल्या महिन्यात काढला, हे तुला कळलंच असेल. आता मंगळवारी पायच घोट्याच्या वर कापायचा म्हणतात. मी डॉक्टरला म्हटलं, “जखमेच्या एवढ्याशा भोकासाठी अख्खं पाऊल?” तो म्हणाला, “आजोबा, वरून दिसतं तेवढंच नाही ते. आत हाड सडलंय.” पोरगेला आहे, पण उगाच गोड बोलत नाही, ते मला पटलं.

आता बुटांचं. तू आईसाठी आणलेले ते निळे, मऊ बूट. मी भर घरात जावयासमोर म्हणालो, बापाच्या हातचं सोडून बाजारातलं पायात घातलं, त्यानंच पाय खाल्ला. तू रडलीस. मी थांबलो नाही. त्याला आठ महिने झाले, तू उंबरा चढली नाहीस.

त्या बुटांनी काही केलेलं नाही.

बाकीचं उद्या लिहितो. दुकान उघडायचंय.

शनिवार

दुकान उघडायचं होतं ही थाप. काल दिवसभर बंदच होतं.

तर ऐक. आईच्या अंगठ्याखाली कुरूप होतं, जाड, पिवळं. बूट दिलेस तेव्हाच तू म्हणालीस, “बाबा, आईला साखर आहे, घरी पायाला काही करू नका, डॉक्टरला दाखवा.” मला राग आला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची कुरुपं मी काढतोय. चामडं तासायची रापी दगडावर घासायची आणि तासायचं. बूट नीट बसायला हवा तर आधी पाय सारखा करावा लागतो, हे माझ्या बापानं शिकवलं. कुणी मेलं नाही. कालची पोरगी मला पाय शिकवणार?

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी आईला खुर्चीत बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. खोल गेलो. रक्त आलं, बरंच आलं. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली.

“दुखलं का गं?”

“नाही हो, काही कळलंच नाही. हलका हात आहे तुमचा.”

मी आठवडाभर ही फुशारकी मारत फिरलो. शिंप्यालाही सांगितलं. आठवड्यानं वास यायला लागला. तू भेटायला आलीस, तेव्हा मला समोर निळे बूट दिसले. तिनं ते दोनदाच घातले होते.

परवा डॉक्टरनं एक बारीक, ताठ धागा तिच्या तळव्याला टेकवला. “कळतंय का, आजी?” ती म्हणाली, “लावा की, मग सांगते.” तो आधीच लावून बसला होता. साखरेनं पायाची जाणीव जाते म्हणाला, दुसऱ्या पायाचीही गेलीय, फार वर्षांपूर्वीच. माझा हात हलकाबिलका काही नव्हता. मी मेलेला पाय कापत होतो आणि स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

आईला पहिल्यापासून ठाऊक आहे. तू विचारलंस तेव्हा “असेल बाई बुटांचंच” म्हणाली, कारण मी समोर डोळे वटारून बसलो होतो. तिला बोल लावू नकोस.

काल दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून तिला सांगितलं, थोरलीला खरं लिहितोय. म्हणाली, “आता सुचलं?” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “लिहा. पोरीनं कुणाचं काय खाल्लं होतं?”

दवाखान्यात नातेवाइकाची सही लागते. मी पेन उघडलं, तर तिनं कागद ओढून घेतला. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, “माझ्या पायाचं तुम्ही आता काही ठरवायचं नाही. थोरली करेल सही.” बाजूच्या खाटेवरची बाई हसली. मी खाली येऊन बाकावर बसलो.

सोमवारी संध्याकाळपर्यंत सही झाली नाही तर मंगळवारचं पुढे जाईल, आणि डॉक्टर म्हणतो तेवढा वेळ नाही, विष वर चढतंय. टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र तुमच्या गावाला येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ देतोय. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी दवाखान्यात खालीच बसेन, जिन्यावरून सरळ वर जा.

माफी वगैरे लिहीत नाही. ती वाचून तुलाच माझी समजूत काढत बसावं लागेल, आणि तेवढा वेळ आईला दे.

तुझ्यावर खोटा आळ घेणारा,
तुझा बाप