आत्याची दुसरी साक्ष

मंगळवार संध्याकाळ, बालाघाट

आज हसून हसून पोट दुखतंय, आणि सकाळी मीच रडकुंडीला आले होते.

लालबर्राच्या माझ्या आत्याचा हात बांधाच्या भांडणात शेजाऱ्याने काठीने मोडला. त्याला शिक्षा झाली, पण खटल्यात त्याला वकीलच नव्हता, म्हणून वरच्या कोर्टाने ती रद्द केली. सगळं पुन्हा पहिल्यापासून! ऐकून आत्या म्हणाली, "मंग मी पुन्हा हात मोडून घेऊ काय?"

तो हात वाकडाच जुळलाय. भांडण पाहणारा एकमेव गडी मधल्या काळात वारला. त्याची जुनी साक्ष आता चालेल का, कुणी नक्की सांगेना. आणि आत्याच गोंधळली तर?

आज आत्याची पुन्हा साक्ष होती आणि या वेळी शेजाऱ्याला वकील होता. त्याने विचारलं, "अंधेरे में पहचाना कैसे?"

"साहेब, आवाजाले कायचा अंधार? शिव्या तोच देऊन राह्यलता. सांगू काय कोनत्या?"

न्यायाधीशांनी हसू दाबत नको म्हटलं. वाकडा हात उंचावून आत्या बोलतच राहिली.

बाहेर चहा पिताना म्हणाली, "मांगच्या टायमाले त्याच्याकडून कोनी काही इचारलंच नाही. आज इचारलं, मी सांगतलं. आता निकाल लागला त त्याले बोलाले जागा नाही."

मग शिक्षा रद्द करणाऱ्या कोर्टावर मी इतकी चिडले ते चूक होतं? त्या वारलेल्या गड्याची साक्ष आठवली की तसं वाटत नाही. पण आत्याचा चेहरा काय खुलला होता!

पुढच्या तारखेला पुन्हा बोलावलं तर येशील ना, मी विचारलं.

"हौ, येतो ना. पन त्याचा वकील बदलू देऊ नोको. मानूस चांगला इचारते."